संप त्यांचा, खोळंबा आपला
विमान कंपन्यांतील संप आणि प्रवाशांचे हक्क : एक आढावा

७ मे २०२४ च्या रात्री एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूमधील अनेकांनी ड्यूटीवर जाण्याच्या ऐन वेळी आजारी असल्याचे कळवले. कंपनीने ही संख्या शंभराहून अधिक असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी ऐंशीहून अधिक उड्डाणे रद्द झाली. त्याचा सर्वाधिक फटका केरळमधून आखाती देशांकडे नोकरीसाठी निघालेल्यांना बसला. कंपनीने २५ जणांना बडतर्फ केले. ९ मे रोजी दिल्लीत केंद्रीय मुख्य श्रम आयुक्तांसमोर तडजोड झाली, बडतर्फी मागे घेतली गेली आणि कर्मचारी कामावर परतले. संपाची नोटीस कुणी दिली नव्हती, संपाची घोषणाही झाली नव्हती. कागदोपत्री पाहिले, तर तेव्हा संप झालाच नाही.

विमानतळावर अडकलेल्या प्रवाशाला या तपशिलाने काही फरक पडत नाही. त्याचे विमान उडत नाही, एवढेच त्याला दिसते. कायद्याला मात्र फरक पडतो. उड्डाण का रद्द झाले, काम कुणी थांबवले, ते थांबणार हे कंपनीला आधी कळले होते का आणि तिला ते टाळता आले असते का, या प्रश्नांच्या उत्तरांवर प्रवाशाच्या हाती काय पडते ते ठरते. ही उत्तरे देशोदेशी वेगळी आहेत. युरोपात तर एकाच नियमाचा अर्थ गेल्या दोन दशकांत बदलत गेला आहे. हा वाद आज कुठवर आला आहे, कुठे एकमत आहे, कुठे नाही आणि प्रवाशाने आपल्यापुरती काय तजवीज करावी, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : भारतातील संपांची वाटचाल

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर चार दशके भारतातली नियमित विमानसेवा सरकारी होती. त्या काळातले संप म्हणजे एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांच्या संघटना आणि सरकार यांच्यातला सामना असे. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना दार उघडले, तरी मोठे संप बराच काळ सरकारी कंपनीतच होत राहिले. त्यातल्या दोन मोठ्या संपांचे मूळ २००७ च्या विलीनीकरणात होते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, पण दोन्हीकडच्या वैमानिकांचे पगार, बढत्या आणि सेवाशर्ती एकत्र आल्या नाहीत. एप्रिल-मे २०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. मे २०१२ मध्ये उलट बाजूने ठिणगी पडली. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाच्या वैमानिकांनाही देण्यास एअर इंडियाच्या मूळ वैमानिकांच्या संघटनेचा, इंडियन पायलट्स गिल्डचा, विरोध होता. हा संप ५८ दिवस चालला आणि लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय सेवा विस्कळीत झाली. त्याचीही सुरुवात वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवण्यापासून झाली होती.

खासगी क्षेत्रातला पहिला मोठा प्रसंग सप्टेंबर २००९ चा. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना स्थापली, दोन वैमानिकांना कामावरून कमी केले गेले आणि शेकडो सहकारी एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले. पाच दिवसांनी समेट झाला. जुलै २०२२ मध्ये इंडिगोच्या क्रूमधील बरेच जण एकाच दिवशी रजेवर गेले. त्याच वेळी एअर इंडियाची भरती सुरू होती, त्यामुळे मुलाखतींसाठीच या रजा घेतल्या गेल्याची चर्चा झाली.

‘आजारपणा’चा हा मार्ग पुन:पुन्हा निवडला जाण्याचे कारण कायद्यात सापडते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार हवाई वाहतूक ही सार्वजनिक उपयोगिता सेवा होती. अशा सेवेत नोटीस दिल्याशिवाय, नोटिशीनंतर १४ दिवस उलटल्याशिवाय आणि समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नसे. नोटीस दिली की समेटाची कार्यवाही सुरू होई आणि ती सुरू झाली की संप बेकायदा ठरे. औपचारिक संपाची वाट अशी जवळजवळ बंद असल्याने रजेचा आडमार्ग वापरला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने हे ओळखून संपाची व्याख्या रुंदावली. एखाद्या दिवशी निम्मे किंवा त्याहून अधिक कामगार ठरवून नैमित्तिक रजेवर गेले, तर तो आता संप समजला जातो. १४ दिवसांच्या नोटिशीची अटही सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली आहे.

चार हक्क, चार हिशेब

चर्चेत बराच गोंधळ होतो तो सगळ्याच मागण्यांना सरसकट ‘भरपाई’ म्हटल्यामुळे. प्रत्यक्षात चार गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली परतावा, म्हणजे न मिळालेल्या सेवेचे पैसे परत. दुसरी पर्यायी प्रवास, म्हणजे त्याच तिकिटावर दुसऱ्या विमानाने किंवा दुसऱ्या मार्गाने मुक्कामी पोहोचवणे. तिसरी देखभाल : थांबावे लागले तर चहापाणी, जेवण, गरज पडल्यास हॉटेल आणि तिथवरची ने-आण. चौथी भरपाई, म्हणजे झालेल्या त्रासाबद्दल ठरलेली वेगळी रक्कम.

संप कुणाचाही असो, सेवा दिली नाही तर तिचे पैसे कंपनीने ठेवून घेऊ नयेत, याबद्दल आता फारसा वाद नाही. पर्यायी प्रवासाचे तत्त्वही बहुतेक ठिकाणी मान्य आहे. मतभेद आहेत ते तो किती वेळात आणि कुणाच्या विमानाने द्यायचा यावर. देखभालीबाबत युरोप ठाम आहे, इतरत्र सूट आहे. खरा वाद पेटतो तो चौथ्या हक्कावर. म्हणून पुढची मांडणी वाचताना कोणता मुद्दा कोणत्या हक्काशी जोडलेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

भारतातील नियम

भारतात या विषयाचा मुख्य आधार आहे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, २०१० मधला नियम. तो पुढे अनेकदा सुधारला गेला. बोर्डिंग नाकारणे, उड्डाण रद्द होणे आणि विलंब अशा तीन परिस्थितींसाठी त्यात तरतुदी आहेत. उड्डाण रद्द होणार असेल तर प्रवाशाला किमान दोन आठवडे आधी कळवावे. दोन आठवडे ते २४ तास या दरम्यान कळवले तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा द्यावा. तेही कळवले नाही तर त्यावर भरपाईही द्यावी, असा क्रम आहे. भरपाईची रक्कम एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० रुपये आणि त्याहून लांबच्या उड्डाणासाठी १०,००० रुपये; किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. तिकीट काढताना संपर्काचा तपशील दिला नसेल तर ही भरपाई मागता येत नाही.

संपाच्या दृष्टीने कळीचा भाग पुढे आहे. असाधारण परिस्थितीत भरपाई देण्याचे बंधन नाही, असे नियम सांगतो आणि अशा परिस्थितीची उदाहरणे देतो : राजकीय अस्थैर्य, नैसर्गिक आपत्ती, यादवी युद्ध, दंगल, पूर, स्फोट, सरकारी आदेश आणि काम थांबवणारे किंवा मंदावणारे संप व कामगार-विवाद. हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान व सुरक्षा यांमुळे झालेल्या खोळंब्यालाही अशीच सूट आहे. संप कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा की बाहेरच्यांचा, हा भेद या यादीत नाही. मात्र सर्व वाजवी उपाय करूनही टाळता येणार नव्हते, अशीच परिस्थिती असावी लागते, ही अट त्याच वाक्यात आहे. प्रवाशाच्या बाजूने युक्तिवाद करायचा तर तो इथे उभा राहू शकतो.

नियमापलीकडे दोन वाटा आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. हवाई वाहतूक ही सार्वजनिक उपयोगी सेवा असल्याने स्थायी लोकअदालतीकडेही जाता येते. इंटरग्लोब एव्हिएशनच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला. ते प्रकरण संपाचे नसून धुक्यामुळे झालेल्या विलंबाचे होते, पण त्यातला भेद संपालाही लागू पडण्याजोगा आहे. विलंबाला कंपनी जबाबदार नसेल तर भरपाई देय होत नाही. तरीही ताटकळलेल्या प्रवाशांची किमान काळजी घेण्याचे कर्तव्य सुटत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. या करारात ठरावीक भरपाई नाही. विलंबामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान पुराव्यासह दाखवावे लागते आणि सर्व वाजवी उपाय योजले होते हे सिद्ध केले तर कंपनी सुटते. दावा दोन वर्षांत दाखल करावा लागतो.

युरोप : न्यायालयाने बदललेली दिशा

या वादाचा सर्वांत समृद्ध भाग युरोपात घडला. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई, त्याशिवाय परतावा किंवा पर्यायी प्रवास आणि देखभाल असे त्याचे स्वरूप आहे. २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने तीन तास वा अधिक उशिरा पोहोचलेल्यांनाही भरपाईचा हक्क दिला. असाधारण परिस्थितीत भरपाई माफ होते, आणि नियमाच्या प्रस्तावनेत अशा परिस्थितींच्या उदाहरणांमध्ये विमानसेवेवर परिणाम करणाऱ्या संपाचा उल्लेख आहे. त्यामुळे सुरुवातीची समजूत साधी होती : संप म्हणजे भरपाई नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही २०१२ मध्ये वैमानिकांच्या संपाबाबत तसाच निर्णय दिला.

पण २००८ मध्येच, तांत्रिक बिघाडाच्या एका प्रकरणात, युरोपीय न्यायालयाने दुहेरी कसोटी घालून दिली होती. घटना कंपनीच्या नेहमीच्या कामकाजाचा भाग नसावी आणि ती तिच्या नियंत्रणाबाहेर असावी, तरच ती असाधारण. ही कसोटी संपाला लावल्यावर चित्र पालटले.

पहिला मोठा निर्णय १७ एप्रिल २०१८ चा. टुईफ्लाय या जर्मन कंपनीने २०१६ च्या सप्टेंबरअखेरीस पुनर्रचनेची घोषणा केली आणि कर्मचारी धडाधड आजारी पडू लागले. एरवी दहा टक्क्यांच्या आसपास असणारे आजारपण वैमानिकांत ३४ ते ८९ टक्क्यांवर गेले. संघटनेने न पुकारलेला हा संप कंपनीच्याच निर्णयातून उद्भवला, म्हणून तो असाधारण नाही, असे न्यायालयाने ठरवले.

मग प्रश्न राहिला तो संघटनेने रीतसर पुकारलेल्या, कायदेशीर संपाचा. एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीच्या वैमानिकांनी २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये सात दिवस संप केला. चार हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली, सुमारे ३,८०,००० प्रवाशांना फटका बसला. माल्मो-स्टॉकहोम या छोट्या प्रवासातल्या एका प्रवाशाच्या २५० युरोंचे प्रकरण न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे गेले. न्यायालयाच्या महाअधिवक्त्याचे मत कंपनीच्या बाजूने होते. २३ मार्च २०२१ रोजी पीठाने उलट निकाल दिला. पगार आणि कामाच्या अटींवरून कर्मचाऱ्यांशी वाद होणे हा कोणत्याही मालकाच्या व्यवहाराचाच भाग आहे. संपाची नोटीस मिळते, म्हणून तो अनपेक्षित नसतो. आणि वाटाघाटी करणे मालकाच्या हातात असते, असे कारण दिले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोविंग्ज प्रकरणात, मूळ कंपनीतील संपाला पाठिंबा म्हणून उपकंपनीत झालेला संपही याच रांगेत बसवला गेला.

बाहेरच्यांचा संप मात्र वेगळा राहिला. हवाई वाहतूक नियंत्रकांच्या मागण्या विमान कंपनी पूर्ण करू शकत नाही, त्या सरकारच करू शकते. म्हणून असा संप असाधारण ठरतो. तिथेही कंपनीने हातपाय हलवले होते का, हे पाहिले जाते. दुसऱ्या कंपनीच्या विमानात जागा शोधणे हाही वाजवी उपायांचा भाग आहे, असे न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. संपाचा आडोसा कायमचा नसतो, हेही २०१२ मध्येच ठरले होते. बार्सिलोनातील २००६ च्या विमानतळ संपानंतर दोन दिवसांनी, आधी अडकलेल्यांना जागा देण्यासाठी एका प्रवाशाला विमानात चढू दिले नाही, तेव्हा त्याला भरपाई देय ठरली. देखभालीबाबत तर २०१३ मध्ये, आइसलँडच्या ज्वालामुखीच्या प्रकरणात, न्यायालयाने सांगून टाकले की परिस्थिती कितीही असाधारण असो, जेवण आणि निवासाची जबाबदारी संपत नाही.

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही हाच नियम २२०, ३५० आणि ५२० पौंड या रकमांसह आपल्या कायद्यात ठेवला. ऐन वेळी वैमानिक आजारी पडणे हे असाधारण कारण नव्हे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले.

कॅनडा आणि अमेरिका

कॅनडाने २०१९ च्या नियमांत नेमकी उलट भूमिका घेतली. कंपनीतील कामगार-विवाद तिथे स्पष्टपणे कंपनीच्या नियंत्रणाबाहेरच्या कारणांत मोडतो. भरपाई नाही, पण ४८ तासांत दुसरे उड्डाण देता आले नाही तर परतावा किंवा इतर कंपनीच्या विमानाने पर्यायी प्रवास, असा तोल साधला आहे. या नियमाची परीक्षा १६ ऑगस्ट २०२५ रोजी झाली. उड्डाणाआधी जमिनीवर केलेल्या कामाचेही पैसे मिळावेत, ही एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन क्रूची प्रमुख मागणी होती. संप सुरू होऊन बारा तास होण्याच्या आत सरकारने कामावर परतण्याचा आदेश काढण्याची प्रक्रिया सुरू केली, संघटनेने तो धुडकावला आणि १९ ऑगस्टला समझोता झाला. सुमारे पाच लाख प्रवाशांना झळ पोहोचली. पुढे कंपनीने पर्यायी प्रवासाच्या वाजवी खर्चाची भरपाई करण्याची तयारी दाखवली. म्हणजे नियमाने जे माफ केले होते, त्यातले काही जनमताच्या रेट्याने द्यावे लागले.

अमेरिकेत विलंब वा रद्द उड्डाणासाठी ठरावीक भरपाई नाही. २०२४ च्या नियमाने मात्र परतावा न मागता आपोआप देणे बंधनकारक केले. देशांतर्गत तीन तास आणि आंतरराष्ट्रीय सहा तास एवढा बदल झाला आणि प्रवाशाने तो स्वीकारला नाही, तरी पैसे परत मिळतात. भरपाई सक्तीची करण्याचा आधीच्या प्रशासनाचा प्रस्ताव २०२५ मध्ये मागे घेतला गेला. तिथे संपच विरळा. १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. त्यातल्या मध्यस्थीच्या लांबलचक टप्प्यांमुळे प्रत्यक्ष संपापर्यंत प्रकरण क्वचितच जाते.

तीन बाजूंचे म्हणणे

विमान कंपन्यांचा युक्तिवाद असा, की संप करायचा की नाही हे संघटना ठरवते, कंपनी नाही. प्रत्येक रद्द उड्डाणामागे प्रवाशांना ठरावीक रक्कम द्यावी लागणार असेल, तर संघटनेच्या हाती जादा दबाव येतो आणि वाटाघाटीचा तोल ढळतो. युरोपातल्या स्वस्त तिकिटांवर भरपाई तिकिटाच्या कित्येक पट होते, हा बोजा शेवटी भाड्यातूनच वसूल होतो, असेही त्या सांगतात. एसएएसच्या प्रकरणात न्यायालयाने हा तोल ढळण्याचा मुद्दा विचारात घेतला, पण ग्राहकसंरक्षणाचे उद्दिष्ट त्यापुढे दुय्यम मानले नाही.

कामगार संघटनांना संप हा सामूहिक वाटाघाटीचा अविभाज्य भाग वाटतो. वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या मागण्यांत विश्रांती, रात्रपाळी, थकवा हे विषय असतात आणि ते थेट प्रवाशांच्या सुरक्षिततेशी जोडलेले आहेत, असे त्यांचे म्हणणे. प्रवाशांच्या गैरसोयीचे कारण दाखवून संपावर बंधने आणली, की असंतोष आजारपणाच्या रूपाने बाहेर पडतो आणि मग पूर्वसूचनाही मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा भारताच्या अनुभवाशी जुळतो.

ग्राहक संघटना म्हणतात, वाटाघाटीच्या टेबलावर नसलेल्या तिसऱ्या माणसाने वाटाघाटींच्या अपयशाची किंमत का मोजावी? कर्मचाऱ्यांशी संबंध कसे ठेवायचे हे मालकाच्या हातात असते, प्रवाशाच्या नाही.

चौथी वाट इटलीने काढली आहे. तिथे १९९० च्या कायद्याने अत्यावश्यक सेवांतील संपाला शिस्त लावली. सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेतील उड्डाणे संपाच्या दिवशीही चालवावी लागतात, शिवाय उन्हाळी गर्दीच्या काळात हवाई क्षेत्रात संपबंदी असते. फ्रान्समध्ये २०२३ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने संपात उतरणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाला दोन दिवस आधी तसे कळवावे लागते. भरपाई कुणी द्यायची यावर वाद घालण्याऐवजी नुकसानच कमी करायचे, असा हा विचार आहे. संघटनांना तो संपाची धार बोथट करणारा वाटतो.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न सामूहिक आजारपणाचा. नव्या संहितेतील व्याख्या ठरवून घेतलेल्या नैमित्तिक रजेची आहे आणि तीही निम्म्या कामगारांची. वैद्यकीय रजा त्यात कशी बसवायची, आणि निम्म्याहून कमी लोकांच्या रजेनेही सेवा कोलमडली तर तो संप की कंपनीच्या मनुष्यबळाच्या नियोजनातली चूक, हे अजून ठरायचे आहे. असा प्रकार संप ठरला तर डीजीसीएच्या यादीमुळे कंपनीला भरपाईतून सूट मागता येईल. न ठरला तर ती सूट मागणे अवघड होईल. कर्मचाऱ्यांवर कारवाई करण्यासाठी एक आणि प्रवाशांपुढे दुसरी अशी भूमिका घेता येईल का, हाही प्रश्न त्यातच आला.

दुसरा प्रश्न संप नसताना क्रू नसण्याचा. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे, कडक नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते आणि कंपनीची तयारी अपुरी पडली. सरकारने परताव्याची मुदत ठरवून दिली आणि भाड्यांवर मर्यादा घातली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरपुढे १८,००० रुपये. अशी मर्यादा संपाच्या काळात आपोआप लागू व्हावी का, की दर वेळी सरकारी आदेशाची वाट पाहायची, हे ठरलेले नाही.

तिसरा प्रश्न कंत्राटी कामाचा. सामान चढवणे, विमानाची साफसफाई, चेक-इन ही कामे आता बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या कंपन्या करतात. त्यांच्या कामगारांचा संप विमान कंपनीचा मानायचा की बाहेरचा? चौथा, भारतात देखभालीचा. असाधारण परिस्थितीत रद्द उड्डाणाचा परतावा वा पर्यायी प्रवास टिकतो, पण विलंब झाल्यास जेवण-निवासाचे बंधन किती उरते, याबाबत युरोपइतकी स्पष्टता नाही.

पाचवा, युरोपातल्या फेरविचाराचा. सदस्य देशांच्या मंत्र्यांनी जून २०२५ मध्ये भरपाईसाठी विलंबाची मर्यादा तीन तासांवरून चार आणि सहा तासांवर नेण्यास पाठिंबा दिला. युरोपीय संसदेतून त्याला विरोध झाला. आणि सर्वत्र सारखा असलेला सहावा प्रश्न अंमलबजावणीचा : हक्क कागदावर असतो, पण मागितल्याशिवाय तो क्वचित मिळतो.

प्रवासाचे नियोजन

कोणता कायदा लागू होतो हे तिकीट काढतानाच ठरते. मुंबईहून फ्रँकफर्टला युरोपीय कंपनीने गेलात तर जाताना आणि येताना दोन्हीकडे युरोपीय नियम लागू होतो. भारतीय कंपनीने गेलात तर फक्त तिकडून परतताना. लंडनबाबत ब्रिटिश नियमाचेही असेच आहे. तिकिटावर नाव कुणाचेही असो, विमान प्रत्यक्ष चालवणारी कंपनी कोणती हे पाहावे.

पुढचे विमान गाठायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे स्वस्त पडतात, पण पहिले विमान संपात अडकले तर दुसऱ्या कंपनीला त्याचे सोयरसुतक नसते. लग्न, परीक्षा, क्रूझ किंवा रुजू होण्याची तारीख ठरलेली असेल तर एक दिवस हाताशी ठेवून निघावे. मुंबई-गोवा किंवा मुंबई-नागपूरसारख्या प्रवासाला रेल्वेचा पर्याय आधीच पाहून ठेवावा. संप जाहीर झाल्यावर आरक्षण मिळणे कठीण.

प्रवास विमा घेताना संपाचे कलम वाचावे. संप जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत त्या संपाचे संरक्षण बहुधा मिळत नाही. म्हणून विमा तिकिटाबरोबरच घेतलेला बरा.

संपाची बातमी आली की घाईने स्वतःहून तिकीट रद्द करू नये. आपण रद्द केले तर रद्द करण्याचे शुल्क आपल्यावर येते. कंपनीने रद्द केले तर परतावा किंवा पर्यायी प्रवास यांतली निवड आपली राहते. परतावा घेतला की पर्यायी प्रवासाचा हक्क सहसा संपतो, तेव्हा त्या दिवसाचे इतर विमानांचे भाडे पाहूनच निर्णय घ्यावा. रोख परताव्याऐवजी व्हाउचर घेण्याची सक्ती मानू नये. तिकीट एजंटकडून घेतले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते.

उड्डाण रद्द झाल्याची सूचना आणि त्याचे कारण लेखी मागावे, संदेश जपून ठेवावेत, जेवण-हॉटेल-टॅक्सीच्या पावत्या ठेवाव्यात. पर्यायी मार्ग दुसऱ्या देशातून जात असेल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाची चौकशी आधी करावी. शेंगेन व्हिसाची मुदत अडकून पडल्यामुळे संपत असेल तर ती संपण्याआधीच स्थानिक अधिकाऱ्यांकडे जावे. अपरिहार्य कारणासाठी मुदतवाढीची तरतूद तिथल्या व्हिसा संहितेत आहे. तक्रार आधी कंपनीकडे, मग एअरसेवा पोर्टलवर किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडल्यास ग्राहक आयोगाकडे, हा क्रम सोयीचा.

आजची स्थिती

एकंदरीत पाहता दोन विचार समोरासमोर उभे आहेत. युरोप व ब्रिटन स्वतःच्या कर्मचाऱ्यांशी होणारा वाद हा कंपनीच्या धंद्याचाच धोका मानतात. भारत व कॅनडा त्याला पूर आणि दंगलींच्या पंगतीत बसवतात. दोन्हींमागे युक्तिवाद आहेत, आणि भारताने युरोपचे आकडे उचलून आणावेत असे त्यातून निष्पन्न होत नाही. मात्र आपल्या नियमाने घरचा संप आणि बाहेरचा संप यांत फरक करावा, सामूहिक आजारपण कुठे बसते ते सांगावे आणि देखभालीचे कर्तव्य नि:संदिग्ध करावे, एवढी सुधारणा या अनुभवांतून नक्कीच सुचते. तोवर प्रवाशाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : ‘संप आहे, काहीच मिळणार नाही’ हे काउंटरवरचे उत्तर अर्धेच खरे असते. भरपाई कदाचित मिळणार नाही. पण रद्द झालेल्या विमानाचे पैसे किंवा दुसरे विमान हा हक्क संपातही शाबूत राहतो आणि तो तिथेच, लेखी मागावा.